दंडाला पट्टा बांधण्याआधी: गावात लसीकरण आणि रक्तदाबाचं सर्वेक्षण कसं करावं

ओसरीवर बसलेल्या त्या माणसाचं वय पन्नाशीच्या आसपास असेल. सर्वेक्षणाचा दुसरा दिवस, शनिवार, दुपार उलटलेली. माझ्या विद्यार्थिनीने तीनदा पट्टा बांधला आणि तिन्ही वेळा वरचा आकडा २०० च्या पुढे आला. तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आता यांना काय सांगायचं?" आमच्या पिशवीत छापलेल्या प्रश्नावल्या होत्या, पेनं होती, मोजपट्टी होती. पण या माणसाने आत्ता कुठे जायचं, तिथे कोण भेटेल, गाडी कुठून आणायची, यातलं काहीच आम्ही ठरवलेलं नव्हतं. शेवटी गावातल्या एका जीपवाल्याला गळ घालून आम्ही त्यांना तालुक्याला नेलं. औषध सुरू झालं, पुढे ते मला बाजारात भेटलेही. तेव्हापासून मी प्रश्नावली नंतर लिहिते, चिठ्ठी आधी लिहिते.

हा लेख नर्सिंग, वैद्यकीय आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांसाठी आणि गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांसाठी आहे. पैसा कमी, माणसं सहा ते आठ, हाताशी महिना-दीड महिना, असं गृहीत धरलं आहे. आवाका एका उपकेंद्राच्या हद्दीएवढा.

आधी चिठ्ठी

ज्याचं बीपी आपण मोजतो त्याला उत्तर देणं लागतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत अर्धा तास बसा आणि कोणता आकडा आला तर माणूस कुठे जाईल ते लिहून काढा. आम्ही वापरतो ती वाटणी अशी:

- वरचा आकडा १८० किंवा जास्त, अथवा खालचा ११० किंवा जास्त: त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, अंधारी किंवा असह्य डोकेदुखी असेल तर तिथूनच १०८ ला फोन.
- १६० ते १७९ किंवा १०० ते १०९: आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात.
- १४० ते १५९ किंवा ९० ते ९९: दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर पुन्हा मोजणी. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला "तुम्हाला बीपी आहे" असं सांगू नका, "आज वाढलेलं दिसलं" एवढंच सांगा.
- गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई, १४०/९० किंवा जास्त: त्याच दिवशी, कितीही बरं वाटत असलं तरी.

चिठ्ठीवर तारीख, आकडे, कुठे जायचं, कोणत्या वारी आणि किती वाजता, एवढं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. मागच्या बाजूला बाळाच्या राहिलेल्या डोसासाठी जागा ठेवा: पुढचं लसीकरण सत्र कोणत्या तारखेला, कोणत्या अंगणवाडीत. सर्वेक्षकाने गोळी सुचवायची नाही, चालू असलेली बंद करायला सांगायची नाही आणि शेजाऱ्याची गोळी घेऊ नका हे मात्र आवर्जून सांगायचं.

दोन विषय एकाच दारात का

लसीकरणाची पाहणी लहान मुलांची, रक्तदाबाची मोठ्यांची; मग एकत्र कशाला, असं विद्यार्थी विचारतात. कारण दार एकच असतं आणि आशाताईही एकच. बाळाच्या लशीमागे चाळीसेक वर्षांची घडी आहे: सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, पल्स पोलिओ १९९५ पासून, २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरात मिशन इंद्रधनुष आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमध्ये पूर्ण लसीकरणाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ७६.४ टक्क्यांवर गेलं. बाळाच्या नावाचं कार्ड असतं, त्यावर तारीख असते, तारीख चुकली तर आशाताई दारात येते.

त्याच घरातल्या आजोबांच्या बीपीला ना कार्ड, ना तारीख. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, आता कार्ड आणि पाठपुरावा बऱ्याच ठिकाणी आला आहे. तरी घराघरांत बाळाची फाइल जशी सापडते तशी आजोबांची सापडत नाही, हा माझा अनुभव. म्हणून माझ्या मते एकत्र सर्वेक्षणाचा खरा प्रश्न हा: ज्या घराने बाळाचा एकही डोस चुकवला नाही, त्या घरातल्या मोठ्यांचं बीपी गेल्या वर्षभरात कुणी मोजलं का? हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवला की प्रश्नावली आपोआप आटोपशीर होते.

परवानग्या

महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समितीपुढे अर्ज करण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचा. मग जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, ग्रामपंचायतीला पत्र आणि सरपंचांची प्रत्यक्ष भेट. आशाताईंना सगळ्यांत शेवटी कळवण्याची चूक होते. त्यांना पहिल्या दिवशी भेटा, कारण घरं त्यांना ठाऊक असतात. त्यांच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात धरा. मात्र मुलाखतीच्या वेळी त्यांना थोडं बाजूला थांबायला सांगा. ज्या ताईने लशीसाठी चार हेलपाटे घातले तिच्यासमोर "आम्ही नाही टोचून घेतलं" असं कोण म्हणेल?

संमतिपत्र वाचून दाखवा. अंगठा असेल तर घराबाहेरचा, आपल्या गटातला नसलेला साक्षीदार हवा. "मोजायचं नसेल तरी प्रश्नांची उत्तरं देता येतील आणि नको असेल तर काहीच नको, त्यामुळे दवाखान्यात काही अडणार नाही" हे वाक्य तोंडपाठ असलं पाहिजे.

कुणाला विचारायचं, किती जणांना

इथे गल्लत होते ती अशी, की एकच आकडा काढून दोन्ही विषयांना लावला जातो. मुलं वेगळी मोजा, मोठी माणसं वेगळी.

सपाट भागात उपकेंद्राची लोकसंख्या साधारण ५,०००, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००. हजारी १५ जन्म धरले तर ५,००० वस्तीत १२ ते २३ महिन्यांची ७५ च्या आसपास मुलं सापडतील. इतक्यांत नमुना काढण्यात अर्थ नाही, सगळीच मुलं पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी, गाजलेली पद्धत ३० गट आणि प्रत्येकी ७ मुलं, म्हणजे २१०, अशी आहे. तिच्यासाठी अख्ख्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं क्षेत्र लागतं आणि तेवढी ताकद नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

मोठ्यांसाठी नमुना घ्यावा लागतो. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा त्यासाठी औषध घेणारे निघाले. आपण १८ वर्षांपुढचे घेतो आहोत म्हणून २५ टक्के धरू, वर-खाली ५ टक्क्यांची चूक चालेल असं मानू. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ गुणिले ०.७५, भागिले ०.०५ चा वर्ग: उत्तर २८९. दहापैकी एक जण भेटणार नाही किंवा नको म्हणेल, म्हणून २८९ ला ०.९ ने भागा: ३२२. हद्दीत ११५० घरं असतील तर ११५० भागिले ३२२ म्हणजे साडेतीनच्या आसपास. दर तिसरं घर घ्या, थोडी जास्त घरं होतील, होऊ द्या. पहिलं घर १ ते ३ मधल्या चिठ्ठीने ठरवा.

निवडलेल्या घरातून एकच प्रौढ. जो समोर बसला आहे तो घेतला तर आजी आणि सुना भरतील, कामावर गेलेले पुरुष सुटतील. परदेशी पुस्तकांत "ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो तो" अशी युक्ती असते. आपल्याकडे अनेक वडीलधाऱ्यांना जन्मतारीखच माहीत नसते. आम्ही घरातल्या सगळ्या प्रौढांची नावं कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहितो आणि घरातल्या लहान पोराला एक उचलायला सांगतो. घरात हशा पिकतो, ताण जातो आणि निवड प्रामाणिक होते. घरात प्रौढ किती होते ते मात्र नोंदवा, विश्लेषणात त्याची गरज पडते.

घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या. शेजारचं घर बदली म्हणून घेऊ नका. दिवसा उघडी असलेली घरं म्हाताऱ्या माणसांची. बदली घरं घेत गेलात की गावाचं बीपी कागदावर उगाच वाढतं.

आणि यादी. ग्रामपंचायतीची किंवा आशाताईंची घरयादी बहुधा गावठाणाची असते. मळ्यातल्या वस्त्या, धनगरवाडा, वीटभट्टी, रस्त्याच्या कामावरची पालं त्यात नसतात. सर्वेक्षणाआधी दोन दिवस पायी फिरून नकाशा काढा आणि ही घरं यादीत घाला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, मुलं दगावली; डोस राहून गेलेली मुलं एका जागी साठली की असंच होतं. सरासरीत ती दिसत नाहीत, वस्तीत गेल्यावर दिसतात. बीड, अहिल्यानगरकडच्या गावांत दिवाळीनंतर सर्वेक्षण ठेवलंत तर ऊसतोडीला गेलेली घरं बंद सापडतील. हंगाम संपून टोळ्या परतल्यावर जा. उलट कारखान्याच्या पट्ट्यात काम असेल तर हंगामातच जा आणि तोडणी मजुरांच्या कोपींपर्यंत (झोपड्यांपर्यंत) पोचा.

प्रश्न कसे विचारायचे

"लसीकरण महत्त्वाचं आहे असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न छापूच नका. शंभरातले नव्याण्णव हो म्हणतील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी विचारा: "बाळाला पुढचं टोचायला कधी न्यायचं?" "मागच्या वेळी कुठे नेलं होतं?" "टोचून आणल्यावर रात्री काय झालं, मग तुम्ही काय केलंत?" "घरात टोचायला न्यायचं की नाही हे कोण ठरवतं?" जाण किती आहे ते अशा उत्तरांत कळतं. पेंटाव्हॅलंटनंतर (पाच आजारांवरची एकत्र लस) ताप येऊ शकतो, हे आईला आधी कुणी सांगितलं होतं का, हा आमच्या प्रश्नावलीतला सगळ्यांत उपयोगी प्रश्न ठरला आहे. ज्यांना आधी सांगितलेलं असतं त्या पुढच्या डोसाला येतात; ज्यांना नाही, त्या "टोचलं की पोरगं आजारी पडतं" म्हणून थांबतात. सासू शेजारी बसली असेल तर सून वेगळं उत्तर देते, म्हणून पाणी मागण्याच्या निमित्ताने आत जाऊन बोलायला एक मुलगी गटात असावी.

शब्द गावाचे वापरा. "पोलिओचा डोस पाजला का", "दंडावर टोचलं का", "मांडीवर टोचलं का". उच्च रक्तदाब हा शब्द छापील कागदावर ठीक आहे, बोलताना बीपीच म्हणा. पण एक खाच आहे: "मला बीपी आहे" म्हणणाऱ्या कित्येक बायकांचा अर्थ "बीपी कमी होतं, चक्कर येते" असा असतो. म्हणून प्रश्न असा: "डॉक्टरांनी किंवा नर्सबाईंनी तुमचं बीपी वाढलंय असं कधी सांगितलं होतं का?" पुढे: "गोळी दिली होती का? गेल्या दोन आठवड्यांत रोज घेतली का? पाकीट दाखवता का?" पाकीट पाहिल्याशिवाय औषधाचं नाव लिहू नका, गुडघेदुखीची गोळी बीपीची म्हणून सांगणारे भेटतात, आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी तर बीपी चढतं, त्यामुळे तीही नोंद हवी. गोळी सोडली असेल तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "काही त्रास होत नाही तर गोळी कशाला" आणि "एकदा सुरू झाली की सुटत नाही" ही दोन उत्तरं तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतील.

प्रश्नावली पक्की करण्याआधी शेजारच्या गावात पंधरा-वीस घरं करून बघा. ती घरं नंतर आकडेवारीत घेऊ नका.

कार्ड वाचणं

माता बाल संरक्षण कार्ड मागा आणि स्वतः वाचा. आई सांगेल ते एका रकान्यात, कार्डावर दिसतं ते दुसऱ्या रकान्यात. जन्मतः बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस, आणि मधल्या ठरलेल्या वेळी आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस) व पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस). नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा. १६ ते २४ महिन्यांत दुसरी मात्रा आणि बूस्टर. ठरल्या तारखेच्या चौकोनात फक्त पेन्सिलची खूण असेल तर ती "पुढची तारीख" असते, दिलेला डोस नव्हे. हा फरक सर्वेक्षकांना खऱ्या कार्डावर बोट ठेवून शिकवा.

कार्ड सापडत नाही याचं आपल्याकडचं खास कारण माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, पहिले दोन-तीन डोस तिकडच्या उपकेंद्रावर, कार्ड आईच्या कपाटात. सासरच्या रजिस्टरमध्ये ते बाळ कोरं दिसतं. अशा वेळी आईला माहेरी फोन लावून कार्डाचा फोटो मागवायला सांगा, पाच मिनिटांत येतो. तेही नाही जमलं तर आठवणीवर विचारा, पण जागा विचारा: बीसीजी डाव्या दंडावर, तिचा व्रण बहुतेक मुलांत दिसतो, पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीवर, गोवर-रुबेला उजव्या दंडावर. आठवणीवरचं उत्तर शेवटपर्यंत वेगळं मोजा.

डोस राहिलेल्या आईला ओरडू नका. उशीर झाला म्हणजे पहिल्यापासून सगळं पुन्हा घ्यावं लागतं, अशी भीती असते. तसं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं. कोणता डोस आता देता येईल ते आरोग्य सेविका ठरवेल. तुम्ही चिठ्ठी द्या.

पट्टा बांधणं

इथे घाई केलीत तर बाकी सगळं व्यर्थ. माझ्या एका जुन्या सर्वेक्षणातली साठेक माणसांची रीडिंगं मला बाजूला ठेवावी लागली, कारण एका जोडीने शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला होता. चूक माझी, मी पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत फिरले नव्हते.

माणूस शेतातून आला असेल, विहिरीवरून हंडा आणला असेल, चहा किंवा तंबाखू घेतली असेल तर अर्धा तास थांबा. तेवढ्यात प्रश्न उरकतात. लघवीला जाऊन यायला सांगा; भरलेल्या मूत्राशयाने आकडा चढतो, आणि हे सांगायला आमच्या मुलींना पहिल्या दिवशी संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशी वाटत नाही. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसवा. आपल्याकडे माणूस सवयीने ओट्यावर मांडी घालतो, खुर्चीतही एक पाय वर घेतो. दोन्ही पावलं जमिनीवर हवीत. घरात प्लॅस्टिकची खुर्ची असतेच. हाताखाली उंची येण्यासाठी आम्ही धान्याची गोणी, उशी, एकदा तर शिलाई मशीन वापरलं. पट्ट्याचा मध्य छातीच्या पातळीत आला पाहिजे. दंड उघडा हवा. घट्ट बाही वर सरकवून तिचा फास बसत असेल तर ती काढायला लावा, म्हणून स्त्रियांचं मोजमाप स्त्रीनेच आणि आडोशाला करावं.

दंडाचा घेर टेपने मोजा. बहुतेक यंत्रांसोबतचा नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. जाड दंडाला तो बांधला तर आकडा खोटा चढतो, म्हणून मोठा पट्टा पिशवीत हवाच. पट्टा फुगत असताना कुणीही बोलायचं नाही, ना तो माणूस, ना आपण, ना दारातली गर्दी. यंत्र प्रमाणित कंपनीचं डिजिटल घ्या आणि रोज सकाळी गटातल्या एकाच ठरावीक माणसाचं बीपी सगळ्या यंत्रांवर मोजून पाहा; एखादं यंत्र वेगळंच बोलू लागलं की लगेच कळतं. जादा सेल ठेवा.

मिनिटभराच्या अंतराने तीन रीडिंग, पहिलं सोडून दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी. एका मावशींचे आकडे सांगते: १५२/९४, १३८/८६, १३४/८४. सरासरी १३६/८५. पहिल्याच आकड्यावर थांबलो असतो तर त्यांच्या हातात "वाढलेलं" अशी चिठ्ठी गेली असती आणि रात्रभर झोप उडाली असती. तीन रीडिंगांना लागणारी ती जादा तीन-चार मिनिटं कुणालाही वाचवू देऊ नका.

आकडा त्या माणसालाच हळू आवाजात सांगा, अंगणात जाहीर करू नका.

मीठ, तंबाखू, कंबर

सरकारी पातळीवर आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातला बीपी-साखरेचा इतिहास यांना गुण असतात. चारच्या वर गुण गेले की जोखीम जास्त. तेच प्रश्न घेतलेत तर तुमचे आकडे उपकेंद्राच्या कामी येतात. कंबरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण लागायला सुरुवात होते.

फॉर्ममध्ये नसलेली एक गोष्ट मी नेहमी घालते: मीठ. "मीठ जास्त खाता का?" ला सगळे नाही म्हणतात. "महिन्याला मिठाचे किती पुडे लागतात आणि जेवायला किती माणसं?" असं विचारा. पाच माणसांत एक किलोचा एक पुडा गेला तर डोई रोजचं साडेसहा-सात ग्रॅम. दोन गेले तर तेराच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली आहे. हा हिशेब ढोबळ आहे: गुरांना घातलेलं, कैऱ्या किंवा मासे खारवायला वापरलेलं मीठ वजा करा, आणि पापड, लोणचं, फरसाण, सुकट यांतून आलेलं यात धरलेलंच नाही हे लक्षात ठेवा. पण गृहिणीला पुड्यांची भाषा कळते, आणि कित्येकदा ती हिशेब ऐकून स्वतःच डब्याकडे बघते.

तंबाखूबद्दल विचारताना मिश्रीचं नाव वेगळं घ्या. मिश्री लावणाऱ्या बायका "तंबाखू खाता का?" ला नाही म्हणतात आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं. दारूचा प्रश्न एकट्याला गाठून.

रोज संध्याकाळी

मोबाइलवर नोंद करणार असाल तर कोबो टूलबॉक्स मोफत आहे आणि नेटवर्क नसतानाही चालतं. नाव-पत्ता एका कुलूपबंद वहीत, बाकी माहिती फक्त क्रमांकावर. संध्याकाळी सगळे बसून फॉर्म तपासा. बीपीचा शेवटचा अंक बघा: डिजिटल यंत्राच्या खऱ्या नोंदींत शून्य ते नऊ हे सगळे अंक साधारण सारखे पडतात. एखाद्याच्या निम्म्या नोंदी शून्याने संपत असतील तर तो यंत्र न बघता अंदाजे लिहितो आहे. त्याला चारचौघांत न बोलता दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत फिरा. दर वीस घरांमागे एका घरी प्रमुखाने स्वतः जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारावेत.

आकडे मांडताना

लसीकरणात टक्क्यांपेक्षा गळती बोलकी असते. समजा ७२ मुलांपैकी ६९ जणांना पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस मिळाला आणि ६० जणांना तिसरा. गळती म्हणजे ६९ वजा ६०, भागिले ६९: १३ टक्के. ज्या तिघांना पहिलाही मिळाला नाही त्यांच्यापर्यंत सेवा पोचलीच नाही. जे नऊ मधेच थांबले त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण टिकली नाही. दोघांचे उपाय वेगळे, म्हणून त्यांना एका रकान्यात कोंबू नका. आणि संख्या लहान आहे, तेव्हा "८३.३ टक्के" लिहिताना शेजारी "७२ पैकी ६०" लिहाच.

रक्तदाबात एक चूक हमखास होते. सरासरी १४०/९० च्या वर गेली तेवढेच मोजले जातात, आणि गोळी घेऊन आज १२८/८० असलेला माणूस निरोगींत जातो. गोळी चालू असलेला प्रत्येक जण उच्च रक्तदाबात धरा. मग उतरंड मांडा. समजा असे ८० जण निघाले: त्यांतल्या ४४ जणांना माहीत होतं, ३० जण गोळी घेत होते, १४ जणांचं बीपी आटोक्यात होतं. गाव कुठल्या पायरीवर अडकलं आहे ते या चार आकड्यांत दिसतं. गरोदर स्त्रियांचं मोजमाप घेतलेलं असतं, पण या हिशेबातून त्यांना वगळा. स्त्री-पुरुष आणि वयोगट वेगळे दाखवा. म्हाताऱ्यांचं गाव आणि तरुणांची वसाहत यांची सरळ तुलना होत नाही.

आता तो पहिला प्रश्न. ज्या घरांत १२ ते २३ महिन्यांचं मूल आहे तिथे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल एक जादा नोंद घ्या: गेल्या वर्षभरात बीपी कुणी मोजलं का. मग चार चौकटींचा तक्ता: डोस पूर्ण किंवा अपूर्ण, मोजलं किंवा नाही. संख्याशास्त्राचं एखादं मोफत सॉफ्टवेअर पुढची गणितं करून देतं. पण एका वेळी केलेल्या पाहणीत कार्यकारण सिद्ध होत नाही. "लसीकरण पूर्ण असलेल्या घरांत मोजणी जास्त आढळली" असं लिहा, "लसीकरणामुळे मोजणी वाढली" असं लिहू नका. मीठ आणि बीपीबद्दलही तेच. ज्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं त्याचं मीठ आज कमी आणि बीपी अजून जास्त, असं चित्र दिसू शकतं.

परत गावात

अहवाल आधी गावाला, मग परीक्षकांना. ग्रामसभेत पाच मिनिटं मागा. "दहा जणांत अडीच जणांचं बीपी वाढलेलं" असे अवघड प्रकार करू नका. चौघांत एक, असं सांगा. कोणत्या वस्तीत मुलं राहिली हे नाव घेऊन सभेत सांगू नका, त्या वस्तीवरचा राग वाढतो आणि दारं बंद होतात. ती यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आणि आरोग्य सेविकेच्या हाती द्या, सत्र तिथे हलवता येतं का विचारा. आमच्या एका गावात लसीकरण सत्राच्याच दिवशी अंगणवाडीच्या व्हरांड्यात एक खुर्ची आणि बीपीचं यंत्र ठेवायचं ठरलं. बाळाला घेऊन आजी येते, तिचंही मोजून होतं. याला वेगळा पैसा लागला नाही.

चार आठवड्यांनी चिठ्ठ्यांची वही उघडा. ज्यांना पाठवलं त्या प्रत्येकाच्या घरी जा किंवा फोन करा आणि तीनच गोष्टी लिहा: गेलात का, काय सांगितलं, नाही गेलात तर का. "एसटीची वेळ जमली नाही", "मजुरी बुडते", "गेलो तर यंत्र बंद होतं" अशी उत्तरं येतील, ती जशीच्या तशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. १८० च्या वरच्या माणसांपासून सुरुवात करा आणि त्यांतला एकही न भेटलेला असेल तर अहवालाची तारीख पुढे ढकला.